आठ आठवड्यांच्या कोर्सात शील कुठं गेलं?

गोदातीर (धागाकर्ता)

पश्चिमेत बौद्ध धम्म पसरतोय, याचं आपल्याकडे फार कौतुक होतं. माझं मत वेगळं आहे. तिकडे पोचलं ते ध्यान. धम्म वाटेतच उतरवून ठेवला.

जॉन कबाट-झिन हे एमआयटीत रेण्वीय जीवशास्त्रात पीएचडी केलेले गृहस्थ, झेन आणि विपश्यना दोन्ही शिकलेले. १९७९ मध्ये वूस्टरला, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी 'माइंडफुलनेस'चा, म्हणजे सजग राहायच्या ध्यानाचा, एक वर्ग सुरू केला. डॉक्टरांनी हात टेकलेले, वर्षानुवर्षं दुखणं काढणारे रुग्ण तिथं यायचे. आठ आठवडे, दर आठवड्याला साधारण अडीच तासांचा एक वर्ग आणि घरी रोज पाऊण तास सराव. हॉस्पिटलात धर्म चालला नसता म्हणून बुद्धाचं नाव बाजूला ठेवलं. इथवर माझी काही तक्रार नाही.

पण मग हे कंपन्यांच्या हाती लागलं. २००७ मध्ये गूगलमध्ये चेड-मेंग टॅन या इंजिनिअरनं कर्मचाऱ्यांसाठी कोर्स सुरू केला, मागोमाग सगळ्यांनीच. २०२१ मध्ये अॅमेझॉननं गोदामातल्या कामगारांसाठी 'अमाझेन' काढलं. टेलिफोन बूथएवढी खोली, आत एक खुर्ची, छोटा पंखा, कुंडीतली रोपं आणि मन शांत करायचे व्हिडिओ दाखवणारा स्क्रीन. कामाचा वेग आहे तोच ठेवायचा आणि माणसानं आत जाऊन श्वास बघायचा. लोकांनी एवढी टर उडवली की जाहिरातीचा व्हिडिओ काढून घ्यावा लागला.

पाचव्या शतकात बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' लिहिला, थेरवाद या सिलोन-ब्रह्मदेशातल्या बौद्ध परंपरेतला ध्यानाचा सगळ्यात मोठा ग्रंथ. प्रकरणं २३, पैकी पहिली दोन शीलावर, म्हणजे नीतीनं वागण्यावर. त्यानंतर समाधी, मग प्रज्ञा. पश्चिमेनं मधला तुकडा तेवढा कापून नेला. अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे, म्हणजे तू पोट कशावर भरतोस हा प्रश्न आहे. तो प्रश्न ध्यानाचं कुठलं अॅप विचारतं?

मला हे धम्माचं यश वाटत नाही. तुमचं काय?

बोस्टनकर

मी हा कोर्स केलाय, पाठीच्या दुखण्यासाठी, म्हणून लिहितो.

पहिल्याच दिवशी हातावर एक मनुका ठेवतात. ती बघायची, तिच्या सुरकुत्यांवर उजेड कसा पडतो ते बघायचं. कानाशी धरून दोन बोटांत चुरायची, आवाज येतो का ऐकायचं. वास घ्यायचा. मग जिभेवर ठेवायची, पण चावायची नाही. एवढ्यात तोंडाला पाणी सुटलेलं असतं, तेही बघायचं. माझ्या शेजारी एक बसचालक होता, मणक्याची दोन ऑपरेशनं झालेला. तो हसायला लागला, म्हणाला, मी आजवर मूठ भरून खात आलो. बाई शिकवत होत्या त्या निवृत्त नर्स. यात भांडवलशाहीचा कट कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

धम्मपदाच्या अट्ठकथेत, म्हणजे त्यावरच्या जुन्या टीकाग्रंथात, आळवीच्या गरीब शेतकऱ्याची गोष्ट आहे. हरवलेला बैल शोधून तो उपाशीपोटी प्रवचनाला पोचतो. बुद्ध त्याच्यासाठी थांबलेले असतात, आधी त्याला जेवायला वाढायला लावतात आणि मग उपदेश करतात. दुखण्यानं पिळवटलेल्या माणसाला आधी सम्यक आजीविका शिकवायची का?

दुसरं म्हणजे पुरावा. वारंवार नैराश्य येणाऱ्या रुग्णांसाठी ब्रिटनमध्ये कुठले उपचार द्यावेत ते सुचवणाऱ्या नाइस या संस्थेनं याच धर्तीवरच्या उपचाराची शिफारस २००४ मध्येच केली. ती काय कंपन्यांच्या सांगण्यावरून?

गोदातीर

रुग्णांबद्दल मी बोललोच नाही, वर स्पष्ट लिहिलंय. आणि पुरावाच काढायचा तर पुढचाही काढा. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून जास्त शाळकरी मुलांवर मोठी चाचणी झाली, २०२२ मध्ये निकाल आला. नेहमीच्या शिकवणीपेक्षा माइंडफुलनेसचा जास्त फायदा दिसला नाही. ज्याला दुखतंय त्याला औषध द्या की. सरसकट सगळ्यांना कशाला?

इंदोऱ्याचा

दोघांचंही वाचलं. तुम्ही भांडताय, पण तुमचं एक गृहीत सारखंच आहे: ध्यान हे धम्माचं काळीज. एक म्हणतो ते शीलासकट न्या, दुसरा म्हणतो नुसतं नेलं तरी चालेल.

नागपूरला आमच्या घरी ध्यान कुणी केलं नाही. माझ्या आजीनं १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा घेतली, २२ प्रतिज्ञा म्हटल्या, घरातले देव काढले. पुढं आयुष्यभर वंदना, पौर्णिमेला विहार, वर्षावासात ग्रंथवाचन आणि पोरांची शाळा. मांडी घालून श्वास बघत बसलेली मी तिला कधी पाहिली नाही. ती कमी बौद्ध होती का?

गृहस्थांनी शिबिराला जाऊन विपश्यना करायची ही चाल तरी किती जुनी? १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला आपल्या रत्नागिरीत आणून ठेवलं. थिबा पॅलेस बघायला आपण जातो, फोटो काढतो नि परत येतो. पण संघाचा राजाश्रय गेला तेव्हा तिकडे ब्रह्मदेशात काय झालं? लेडी सयाडो या भिक्खूंनी ठरवलं की आता धम्म टिकवायचा तर तो गृहस्थांच्या हाती द्यायला हवा, आणि ते अभिधम्म (धम्मातली मनाची तात्त्विक चिकित्सा) नि ध्यान सामान्य लोकांना शिकवायला लागले. त्यांच्याकडून सया थेतजी, त्यांच्याकडून ऊ बा खिन, त्यांच्याकडून विपश्यना शिबिरंवाले सत्यनारायण गोएंका. गोएंका १९६९ मध्ये भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीचं विपश्यना केंद्र सुरू झालं. १९७१ मध्ये बोधगयेच्या त्यांच्या शिबिरात शॅरन साल्झबर्ग ही अमेरिकन मुलगी बसली होती. पुढं तिनं दोन सोबत्यांबरोबर मॅसॅच्युसेट्समध्ये बॅरीला ध्यानकेंद्र काढलं. कबाट-झिन यांना हॉस्पिटलची कल्पना सुचली ती त्याच केंद्रातल्या शिबिरात.

म्हणजे तुम्ही ज्याला मूळ म्हणताय ते सुद्धा साम्राज्याच्या धक्क्यातून घडलेलं, जेमतेम सव्वाशे-दीडशे वर्षांचं.

आणि कापाकापीचं म्हणाल तर बाबासाहेबांनीही केली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत त्यांनी चार प्रश्न टाकलेत. त्यात चार आर्यसत्यं खरंच बुद्धाची का, हा एक. कर्म-पुनर्जन्म अनात्मवादाशी, म्हणजे आत्मा नाही या शिकवणीशी, कसा जुळतो, हा दुसरा. परंपरेच्या हिशेबानं तीही मोडतोडच. पश्चिमेच्या कात्रीला नावं ठेवताना आपली कात्री कुठं ठेवायची?

बोस्टनकर

+१. आणि ऊ बा खिन कोण होते? ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल. त्यांनी आपल्या सरकारी कार्यालयातच कर्मचाऱ्यांना ध्यान शिकवलं. ऑफिसातलं ध्यान गूगलनं शोधलेलं नाही.

गोदातीर

इंदोऱ्याचा, इतिहास मान्य, निष्कर्ष अजिबात नाही.

कात्री सगळेच चालवतात. कशासाठी चालवली ते बघा ना. बाबासाहेबांनी पुनर्जन्माला कात्री लावली, कारण जातीची उतरंड मागच्या जन्माच्या नावावर खपवली जात होती. चार सत्यांवर प्रश्न टाकला, कारण त्यांतून माणसाला आशाच उरत नाही; आणि माझ्या मते दुःखाचा सगळा दोष माणसाच्या तृष्णेवर टाकला की अन्याय करणारा नामानिराळा राहतो. त्यांच्या धम्मात देवाच्या जागी नीती बसली. त्यांनी जे वगळलं त्यानं शीलाचं वजन वाढलं. कंपनीच्या कोर्सात उलटं होतं. तिथं ताण तुझ्या डोक्यात आहे, टार्गेटमध्ये नाही. रोनाल्ड पर्सर हे सॅन फ्रान्सिस्कोचे व्यवस्थापनाचे प्राध्यापक, स्वतः बौद्ध. त्यांनी २०१३ पासून 'मॅकमाइंडफुलनेस' म्हणून झोड उठवली ती नेमकी याच मुद्द्यावर.

ऊ बा खिन यांचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. त्यांच्याकडे शील आधी होतं, आणि सरकारी खात्यातली लाचखोरी मोडायची त्यांना तळमळ होती. तिमाही नफ्यासाठी ते कारकुनांना बसवत नव्हते.

सांजवेळ

कॅलिफोर्नियात राहते. इथं 'पाश्चात्य बौद्ध' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर गोरा, शिकलेला, गादीवर बसलेला माणूस येतो. या धाग्यावरही तेच चाललंय.

आमच्या गावात जपानी वंशाच्या लोकांचं जोदो शिन्शू पंथाचं देऊळ आहे. आत चर्चसारखी बाकं, पेटी, रविवारी सकाळी सभा. उन्हाळ्यात ओबोन या पितरांच्या सणाला अंगणात आज्यांपासून नातवंडांपर्यंत सगळे गोल करून नाचतात, बाजूला कागदी कंदील आणि तेरियाकी चिकनच्या स्टॉलची रांग. ध्यान जवळजवळ नाहीच, अमिताभ बुद्धाचं नाव घेतात. हा पंथ १८९९ पासून सॅन फ्रान्सिस्कोत आहे. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर अमेरिकेत सगळ्यात आधी अटक झाली त्यांत बौद्ध पुरोहित होते. मग अख्खा समाज छावण्यांत. 'बुद्धिस्ट चर्चेस ऑफ अमेरिका' हे नाव त्यांनी १९४४ मध्ये यूटातल्या टोपाझ छावणीत घेतलं. नावात चर्च का, हे वेगळं सांगायला नको.

आणि १९९१ मध्ये एका नव्या अमेरिकन बौद्ध मासिकाच्या संपादिका काय लिहितात? अमेरिकन बौद्ध धर्माच्या घडणीत आशियाई वंशाच्या लोकांचा आजवर फारसा वाटा नाही. रेव्हरंड र्‍यो इमामुरा यांनी खणखणीत उत्तर पाठवलं, मासिकानं छापलं नाही. प्यू या संशोधन संस्थेच्या २०१२ च्या पाहणीनुसार अमेरिकेतल्या बौद्धांपैकी सुमारे दोन तृतीयांश आशियाई वंशाचे होते. बहुसंख्य असून हिशेबात नाहीत.

गोदातीर, पश्चिमेनं शील टाकलं म्हणताय. ज्या पश्चिमेनं टाकलं नाही तिच्याकडे तुम्हीही बघत नाही. सिनेमावाले आणि मासिकवाले बघत नाहीत ते त्यांच्या धंद्यामुळे. तुमचं काय कारण?

गोदातीर

ताई, कारण नाही, माहिती नव्हती एवढंच. पण याने माझा मुद्दा पक्काच होतो. बाजाराला नाचणाऱ्या आज्या नकोत, श्वास तेवढा हवा.

सांकवाळकर

वर विसुद्धिमग्ग आला म्हणून राहवलं नाही. त्याची पाश्चात्य विद्वानांनी वापरलेली एक महत्त्वाची आवृत्ती हार्वर्डनं १९५० मध्ये काढली. तीत आमच्या गोव्याच्या, सांकवाळच्या माणसाचा घाम आहे. धर्मानंद कोसंबी. बुद्ध कोण हे शोधायला घर सोडलं, पुण्या-काशीला संस्कृत, सिलोनात पाली आणि दीक्षा, ब्रह्मदेशात ध्यान. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन अभ्यासकानं संपादनाचं काम हाती घेतलं होतं, पण तो १८९९ मध्ये वारला. ते पुरं करायला कोसंबी १९१० मध्ये हार्वर्डला गेले. तिथं संपादक म्हणून नाव कुणाचं, यावरून प्रोफेसर लॅनमन यांच्याशी बिनसलं आणि ते परत आले. पुढं पुन्हा गेले, पुन्हा काम केलं. पुस्तक आलं तेव्हा कोसंबींना जाऊन तीन वर्षं झाली होती. मुखपृष्ठावर संपादक वॉरन, कोसंबी सुधारणा करणारे. त्याआधी १९४० मध्येच त्यांनी आपली देवनागरी आवृत्ती मुंबईत काढली होती, ती त्यांच्या स्वतःच्या नावानं.

म्हणून 'पश्चिमेनं नेलं' हे अर्धंच खरं. आपली माणसं स्वतः जाऊन देऊन आली. श्रेय मिळालं नाही ही गोष्ट निराळी, त्याबद्दल राग जरूर यावा.

इंदोऱ्याचा

हे भारी लिहिलंत, दादा. याच्या उलट बाजूचंही सांगतो. बाबासाहेबांनी बुद्ध वाचला तो बराचसा लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीच्या पुस्तकांतून. ती सोसायटी काढणारे र्‍हिस डेव्हिड्स सिलोनात इंग्रजांचे सनदी नोकर होते. साम्राज्याच्या कपाटातून आलेलं पुस्तक आमच्या मुक्तीच्या कामी आलं. कुणाच्या हातून आलं यावर सगळं ठरत नाही.

बोस्टनकर

तेच म्हणतोय की मी मघापासून. हॉस्पिटलातून आलं म्हणून ते खोटं होत नाही. २००२ मध्ये अलाबामाच्या डोनाल्डसन तुरुंगात गोएंकांच्या पद्धतीचं दहा दिवसांचं शिबिर झालं. बसलेल्यांत खुनाची शिक्षा भोगणारे होते. तेही 'ध्यानच' होतं.

गोदातीर, तुम्ही नुसतं नको नको म्हणताय. हवंय काय ते सांगा.

गोदातीर

सांगतो. डोनाल्डसनमध्ये पहिल्या संध्याकाळी पंचशील दिलं जातं, मग मौन, मग श्वास. इगतपुरीतही तोच क्रम. फी नाही, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर चालतं, त्यामुळे कुणाला खूश ठेवायची गरज नाही. कंपनीच्या कोर्सातही पहिला आठवडा शीलालाच द्या. बुद्धाचं नाव नको असेल तर नको. पण आपण काय बनवतो, कुणाला विकतो, त्यात कुणाचं वाटोळं होतं, यावर अडीच तास बोला. मनुका दुसऱ्या आठवड्यात.

बोस्टनकर

आणि कंपनी त्याचे पैसे देईल?

गोदातीर

नाही देणार. म्हणून तर धागा काढला.

इंदोऱ्याचा

इगतपुरीचं एवढं गोड चित्र रंगवू नका, राव. पंचशील घेऊन दहा दिवस मौनात बसलेले कारखानदार मी पाहिलेत. अकराव्या दिवशी घरी गेले, कामगारांची मजुरी होती तेवढीच राहिली, आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईचा कप वेगळा तो वेगळाच. शिबिरात जातीबद्दल कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं. पहिला आठवडा शीलाचा ठेवा, माझी ना नाही. पण तो घेणार कोण, आणि खुर्चीवर बसलेल्या साहेबाला हा प्रश्न विचारायची त्याची टाप असेल का, ते आधी ठरवा.