बाळंतिणीच्या उशाखालचा विळा: राखण नक्की कुणापासून?

माजघर
गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीला तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी आणलं. संध्याकाळी चादर बदलताना गादीखाली हाताला गार काहीतरी लागलं. विळा! पातं जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं, मूठ उशाकडे. बहिणीने आरडाओरडा केला, बाळ उठलं, आई म्हणाली, "असू दे गं, सव्वा महिन्याचा तर प्रश्न आहे."

असू दिला. लोखंडाशी माझं भांडण नाही. इराण, आर्मेनिया, पार मध्य आशियापर्यंत 'आल' नावाची बया बाळंतिणीचं काळीज पळवते असं मानत, आणि तिथेही उशाशी सुरी, कात्री, नाहीतर कांदे टोचलेली सळई ठेवत. आईची भावकी भलतीच लांबवर पसरलेली आहे म्हणायची.

माझं दुखणं वेगळं आहे. लहानपणी आम्हाला परसातल्या आडाकडे फिरकू देत नसत. तिथे हडळ आहे, उलट्या पायांची. परवा विळ्यावरून विषय निघाला तेव्हा आई बोलता बोलता बोलून गेली, की ती हडळ म्हणजे आजोबांची पहिली बायको. आडाशेजारच्या खोलीत पहिल्या बाळंतपणात गेली. वीस वर्षांचीही नव्हती. घरचीच सून, आणि पोरांना भ्या दाखवायला आम्ही तिला इतकी वर्षं वापरली. विळा खुशाल ठेवा, पण ही गोष्ट सांगणं थांबवा. अडून मेलेल्या बाईला वर राक्षसीण करायची, याला राखण म्हणायचं?

खडूस_नाना
गोष्ट थांबवा म्हणजे काय ताई, परिपत्रक काढायचं? तुमच्या आडाला कठडा होता का? नसणारच. मग पोरं जगली कुणामुळे? हडळ, मुंजा, चकवा हे सगळे बिनपगारी रखवालदार होते. "आत पडशील" म्हटलं तर कुठलं पोर ऐकतं? आणि त्या भीतीपायीच बाळंतिणीच्या खोलीत रात्रंदिवस कुणीतरी बसून असायचं. तिला दहा दिवस एकटी सोडत नसत. आता खासगी खोली असते, टीव्ही असतो आणि नवरा मोबाईलवर असतो.

तळकोकण
आमच्याकडे अळवंत म्हणतात. बाळंतपणात किंवा विटाळशी असताना गेलेली. प्रेत नेताना मागे राळे टाकत जायचे. एका रात्रीत सगळे दाणे वेचले तरच तिला घरी परतता येतं, आणि ते काही होत नाही. पूर्व युरोपातही परत उठू पाहणाऱ्या मुडद्यासाठी खसखस नाहीतर बाजरीसारखं बारीक धान्य टाकत. भुतांना मोजायची खोड सगळीकडेच दिसते.

वॉर्ड_नंबर_तीन
बावीस वर्षं प्रसूती विभागात नर्स आहे, म्हणून थोडं लांबण लावते.

पाचवीची पूजा आठवा. पाटा-वरवंटा, कोरा कागद, लेखणी, विळा. रात्री सटवाई येणार, कपाळावर नशीब लिहिणार, म्हणून जागरण. पाचवी-सहावीच्या रात्रीची भीती उगाच नव्हती. नवजात बाळाचा धनुर्वात बहुतेक वेळा तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांत दिसतो. चांगलं पिणारं बाळ अचानक दूध ओढेनासं होतं, जबडा आवळतो, जरा हात लावला की अंग कमानीसारखं ताठतं. एकदा पाहिलं की विसरता येत नाही. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात, आणि नाळ कापायला घरात काय असायचं? शेतातला विळा. राखणीला पुजायचा तोही विळाच.

भारतातून माता आणि नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याची नोंद २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने केली. निर्मूलन म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. ते गर्भवतींना दिलेल्या इंजेक्शनांनी झालं, स्वच्छ पात्याने झालं. सटवाई त्यानंतरही येतेच, आमच्या वॉर्डात तिच्यासाठी कुणी ना कुणी कागद ठेवून जातं.

खडूस_नाना
बाई, मग नाळ कापू नका ना त्याने. गादीखाली पडून आहे बिचारा, त्याने तुमचं काय घोडं मारलंय?

वॉर्ड_नंबर_तीन
गादीखाली असेपर्यंत काहीच नाही, नाना. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्याच्या पोटावर तोच विळा तापवून चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. माझी हरकत तिथून सुरू होते.

आणि दुसरी हरकत गोष्टीवरच आहे. हजारात एक-दोन बाळंतिणींना पहिल्या दोन आठवड्यांत वेड लागल्यासारखं होतं. झोप उडते, कानात आवाज येतात, बाळ आपलं नाहीच असं वाटतं. हा आजार आहे, औषधांनी बरा होतो. पण घरात आधीपासून हडळ राहत असली की निदान तयारच असतं, "तिने धरलं". मग दोर, मिरचीची धुरी. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिल्याच कलमात हे सगळं आहे: भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, मारहाण, धुरी देणं. उगाच पहिलं नाही घातलेलं.

क्वालालंपूरकर
इकडे पॉन्टियानाक. तीच कथा, बाळंतपणात गेलेली बाई, लांब केस, केळीच्या झाडात वस्ती. मानेत खिळा ठोकला की ती पुन्हा साधी, देखणी बायको होते म्हणे. (कुणाच्या सोयीची गोष्ट आहे ते बघा.) जुन्या मलय चालीत अशा बाईला पुरताना तोंडात काचेचे मणी, काखेत अंडी आणि तळहातात सुया ठेवत. तोंड उघडून किंकाळी फोडता येऊ नये, हात पसरून उडता येऊ नये म्हणून. इंडोनेशियात याच नावाचं शहर आहे, १७७१ साली वसलेलं. सुलतानाने तोफा डागून भुतं हाकलली आणि मग वस्ती केली अशी कथा आहे.

पुस्तकी_किडा
धागालेखिकेच्या बाजूने. दुसऱ्या तऱ्हेनेही सांगता येतं हे दाखवणारे लोक आहेत. मेक्सिकोतले अॅझ्टेक बाळंतपणात गेलेल्या बाईला रणात पडलेल्या योद्ध्याच्या पंगतीला बसवत. माध्यान्हीपासून मावळतीपर्यंत सूर्याला सोबत करायचा मान तिचा. जपानात तर गोष्टच वेगळी. एक बाई रोज रात्री दुकानात येऊन थोडी गोड गोळी विकत नेते. दुकानदार पाठलाग करतो तर ती स्मशानात नाहीशी होते, आणि थडग्यातून बाळाचं रडू येतं. मेल्यावर जन्मलेल्या पोराला ती गोळ्या चारत होती. क्योतोत त्या भुताच्या नावाने गोळी आजही मिळते.

खडूस_नाना
अर्धंच सांगितलंत की! तेच अॅझ्टेक ठरावीक दिवशी पोरांना घरात कोंडून ठेवत, कारण ह्याच देव्या चौकात उतरून पोरं धरत. देवी करा नाहीतर हडळ, माणसं घाबरणारच. तरणीताठी बाई तासाभरात जाते हे बघितलेल्याला भीती वाटणार नाही तर काय वाटणार? तिला राक्षसीण केलं ते द्वेषाने नव्हे. तिचं काहीतरी राहून गेलं आणि आपल्याला ते देता आलं नाही, ही बोच आहे ती. माझी थोरली बहीण अशीच गेली. आई तिच्या नावाने तिन्हीसांजेला दाराबाहेर भाकरीचा तुकडा ठेवायची आणि आम्हाला म्हणायची, तिकडे बघू नका.

पुस्तकी_किडा
नाना, हे माहीत नव्हतं. मागे घेत नाही, पण आवाज खाली आणतो.

वाईच्या_काकू
इतकं लांब मेक्सिकोला कशाला जाता? भाद्रपद वद्य नवमीला अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या सवाष्णीचं श्राद्ध, तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची, ओटी भरायची. म्हणजे ज्या बाईला आपण आडावर हडळ करून बसवलं, तिचीच नवमीला पानावर पुरणपोळी. दोन्ही एकाच घरात, एकाच स्वयंपाकघरातून.

माजघर, तुझी आजी आजोबांची दुसरी ना गं? मग तुमच्या देवघरातले टाक मोज. दुसरेपणावर आलेली बाई पहिलीचा टाक करायची, कुणी गळ्यात बांधायची, कुणी देवात ठेवायची. सवतीचा टाक म्हणतात. तिने त्रास देऊ नये म्हणून.

माजघर
काकू, मोजले. पाच आहेत. खंडोबा, भवानी, भैरोबा, जोतिबा ओळखले. पाचवा बाईचा, लहान, नाकडोळे झिजून सपाट झालेत. दर दिवाळीला मीच चिंचेने घासते हे सगळे, कधी विचारलं नव्हतं.

आईला आत्ता विचारलं. म्हणाली, "ती सवत. सासूबाई रोज आधी तिला गंध लावायच्या, मग देवांना."