अनोळखी व्यक्तीशी चॅट: गप्पा तिसऱ्या मेसेजलाच आटतात, काय करावं?

कागदीहोडी
नमस्कार. छंद, नातीगोती, रोजचं जगणं अशा विषयांवर अनोळखी लोकांशी ऑनलाइन गप्पा मारायच्या आहेत. पण 'हाय', 'काय करता', 'छंद कोणते' इथपर्यंत आलं की दोन्हीकडे शांतता. बोलणं पुढे कसं न्यावं? घरच्या गोष्टी निघाल्या तर किती सांगाव्यात? आणि दोन दिवसांतच कुणी 'नंबर द्या' म्हणालं तर? जाणकारांनी जरा तपशिलात सांगावं.

निळीशाई
'छंद कोणते' या प्रश्नातच गोची आहे. उत्तर येतं 'वाचन, गाणी', आणि पुढे बोलायला काही उरत नाही. छंदाचं नाव विचारू नका, सध्या त्यात काय चाललंय ते विचारा.

समजा समोरून आलं, 'मला बागकामाची आवड आहे.' त्यावर 'अरे वा, मलाही' लिहिलं की विषय मिटला. त्याऐवजी असं लिहून बघा: 'कुंडीत की जमिनीत? माझ्या मिरचीची पानं वरच्या बाजूला वळायला लागलीत. तुमच्याकडे होतं का असं?' यात सोपा प्रश्न आहे, तुमची एक छोटी अडचण आहे आणि समोरच्याला मदत करायची संधी आहे. बागेत हात घालणारा माणूस 'पानाच्या मागे बघा, फुलकिडे असतील' असं सांगितल्याशिवाय राहत नाही. मग त्याच उत्तरातला धागा पकडायचा: 'फुलकिडे ओळखायचे कसे?' नवा विषय काढायची घाई नको.

याला आधारही आहे. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनोळखी लोकांना जोडीजोडीने १५ मिनिटं ऑनलाइन चॅट करायला लावलं होतं. काहींना किमान ९ प्रश्न विचारायला सांगितलं, काहींना जास्तीत जास्त ४. जास्त विचारणारे समोरच्याला अधिक आवडले, आणि त्यातही आधीच्या उत्तराला धरून विचारलेले प्रश्न सर्वात उपयोगी ठरले.

मात्र सरबत्ती करू नका. माझा ढोबळ हिशोब असा: एक प्रश्न, मग स्वतःबद्दल एक-दोन वाक्यं. सलग तीन प्रश्न आले आणि तुमच्याबद्दल काहीच कळलं नाही, की ती उलटतपासणी वाटते.

जागाही नीट निवडा. २००९ ते २०२३ चाललेल्या ओमेगलसारख्या चॅट साइटवर कोणाशीही जोडणी व्हायची आणि एका टिचकीत माणूस गायब व्हायचा, पुन्हा सापडायचा नाही. एकाच छंदाच्या लहान ग्रुपमध्ये तीच माणसं रोज भेटतात. आधी चारचौघांत बोला, वैयक्तिक मेसेज नंतर.

उंबरठा
नंबराबद्दल: देऊ नका, गरजच नाही. टेलिग्रामवर सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग फोन नंबर इथे जाऊन 'नोबडी' निवडा. ते निवडलं की खाली आणखी एक पर्याय उघडतो, नंबरावरून तुम्हाला कोण शोधू शकतं त्याचा. तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स' करा. बरेच जण ही दुसरी पायरी विसरतात. सिग्नल ॲपवर २०२४ पासून नंबराऐवजी युजरनेम देऊन बोलता येतं.

टोपणनाव या कामापुरतं नवं घ्या. तेच नाव दुसरीकडे वापरलं असेल तर सर्चमध्ये जुनी खाती सापडतात. प्रोफाइल फोटोचंही तेच.

फोटो 'फाइल' किंवा 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तो जसाच्या तसा जातो. कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशही त्यात असतात. फोटोचा स्क्रीनशॉट काढून पाठवला तर ही नोंद सोबत जात नाही. तरी मागची खिडकी, पाटी, गाडीचा नंबर बघून घ्या.

खरा धोका तुकड्यांचा असतो. व्यवसाय, कामाची वेळ, मुलाची इयत्ता, रोजचा रस्ता: एकेक गोष्ट निरुपद्रवी वाटते, पण महिन्याभराचं चॅट वर सरकवून वाचलं की माणूस ओळखता येतो.

तिन्हीसांज
नात्यांबद्दल थोडी भर. मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन यांच्या १९९७ च्या प्रयोगात अनोळखी जोड्यांना ३६ प्रश्न तीन टप्प्यांत दिले होते. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा खासगी, आणि उत्तर दोघांनीही द्यायचं. चॅटमध्येही हेच धरा: एक पायरी तुम्ही उतरा, समोरचा उतरला तरच पुढची. एकाने सगळं मन मोकळं करायचं आणि दुसऱ्याने फक्त 'हो ना' म्हणायचं, असं चाललं तर थांबा. चेहरा दिसत नाही, नाव खरं नाही, म्हणून माणूस ठरवलं त्यापेक्षा जास्त बोलून जातो. रात्री उशिरा लिहिलेला लांब मेसेज सकाळी पाठवा. जोडीदाराची किंवा मैत्रिणीची गुपितं तुमची नसतात, ती सांगू नका.

कुणी दुःख सांगितलं तर आधी विचारा, 'सल्ला हवाय की नुसतं ऐकू?' न मागितलेल्या सल्ल्याने बोलणं हमखास तुटतं.

फसवणुकीची चाल ओळखून ठेवा. 'चुकून मेसेज आला' इथून सुरुवात, मग लगेच दुसऱ्या ॲपवर या, आठवडेच्या आठवडे गोड बोलणं, पैशाचा विषय नाही. मग स्वतःच्या गुंतवणुकीचा नफा दाखवणं. थोडे पैसे टाकले तर काढूनही देतात, त्यामुळे विश्वास बसतो. मोठी रक्कम टाकली की 'काढण्यासाठी आधी कर भरा.' व्हिडिओ कॉल झाला म्हणून निश्चिंत होऊ नका, चेहरा बदलणारी सॉफ्टवेअर आहेत.

खासगी फोटोंवरून धमकी आली तर पैसे देऊ नका, दिले की मागणी वाढते. क्रम महत्त्वाचा: आधी चॅटचे आणि प्रोफाइलच्या लिंकचे स्क्रीनशॉट, मग रिपोर्ट, मग ब्लॉक. आधी ब्लॉक केलं तर काही ॲपवर पुरावाच हाती राहत नाही. असे फोटो ऑनलाइन पसरू नयेत म्हणून १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी स्टॉपएनसीआयआय ही मोफत सेवा आहे. फोटो तुमच्याच फोनवर राहतो, त्याचा फक्त डिजिटल ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो.

कागदीहोडी
फार उपयोगी, सगळ्यांचे आभार. एकच राहिलं: बोलणं थांबवायचं असेल तर? अचानक गायब होणं बरं वाटत नाही.

निळीशाई
रोजच्यापुरतं थांबायचं असेल तर धागा अर्धा ठेवून थांबा: 'आता निघतो, त्या फुलकिड्यांचं काय झालं ते रविवारी सांगतो.' कायमचं थांबायचं असेल तर दोन वाक्यं पुरतात: 'तुमच्याशी बोलून छान वाटलं. यापुढे मला चॅट चालू ठेवता येणार नाही.' कारण देऊ नका, कारण दिलं की त्यावर वाद सुरू होतो. आणि समोरचा घाबरवत असेल, सारखा मागे लागत असेल, तर निरोपाचं बंधन तुमच्यावर नाही. तिन्हीसांज यांनी सांगितलेल्या क्रमाने सरळ ब्लॉक.