मदत हवी आहे: पासाचे पैसे ८४-८-८ की तिघांत समान? (उद्या सकाळी लागेल)

मुक्काम_बेलव्ह्यू:
लेकीचं उद्या शाळेत प्रेझेंटेशन आहे. पासाचे पैसे खात्यांत कसे वाटले जातात याचा गोल चार्ट काढायचाय. एका कागदावर ८४, ८ आणि ८ टक्के दिलेत, दुसऱ्यावर "तिन्ही खात्यांना समान". दोन्ही सरकारीच दिसतात. कोणतं धरायचं? "गूगल करा" सांगू नका, ते करून झालंय.

रानवाटा:
कोणता पास? कुठलं राज्य? मला आधी सिंहगडाची पावती वाटली.

मुक्काम_बेलव्ह्यू:
अमेरिकेतलं वॉशिंग्टन राज्य. डिस्कव्हर पास, म्हणजे राज्याच्या उद्यानांत आणि जंगलांत गाडी न्यायचा पास. बेलव्ह्यू माझ्या नावातच आहे की!

आडवाटेचा_पंथी:
८४ स्टेट पार्क्स (राज्याची उद्यानं), ८ फिश अँड वाइल्डलाइफ (मासे-वन्यजीव खातं), ८ डीएनआर (नैसर्गिक संसाधन खातं). ३० डॉलरच्या पासातले २५.२० पार्क्सला, बाकी दोघांना २.४० प्रत्येकी. विषय संपला.

चिंगी:
३० कुठले? ऑक्टोबर २०२५ पासून वर्षाचा पास ४५ डॉलर झालाय. कुठल्या सालची वाटणी हवीय तेच धाग्यात नाही.

मुक्काम_बेलव्ह्यू:
विषय "पास कसा सुरू झाला" हा आहे. म्हणजे २०११. म्हणजे ३०.

बापूकाका:
पास विकत घ्यायचाच कशाला? काही ग्रंथालयांत पुस्तकासारखा घरी मिळतो. आम्ही दर उन्हाळ्यात तसाच आणतो. शिवाय एका वार्षिक पासावर दोन गाड्यांचे नंबर लिहायला जागा असते, जावयाला सांगून ठेवलंय.

मुक्काम_बेलव्ह्यू:
काका, पास आहे आमच्याकडे. चार्ट हवाय.

टेंट_आणि_तवा:
दोन्ही कागद बरोबर आहेत. २०११ चा कायदा असा: राज्याचं अर्थसंकल्पी वर्ष दोन-दोन वर्षांचं असतं, विषम सालच्या १ जुलैला सुरू होणारं. त्या दोन वर्षांत जमणाऱ्या पहिल्या ७.१ कोटी डॉलरना ८४-८-८ लागू. त्याच्या वर जे येईल ते तिघांत समान. पास १ जुलै २०११ लाच सुरू झाला, म्हणजे हिशेब पहिल्याच दिवसापासून जुळतो. आणि सुरुवातीच्या दोन वर्षांत वसुली ७.१ कोटींच्या जवळपासही गेली नाही, त्यामुळे "समान" नुसतं कागदावर राहिलं. चार्ट ८४-८-८ चा काढा, खाली एक ओळ टाका.

आडवाटेचा_पंथी:
तेच तर मी म्हटलं होतं. पण ही वाटणीच अन्यायकारक आहे. शनिवारी सकाळी माउंट साय डोंगराचा पायथा गाड्यांनी भरलेला असतो, ती जागा डीएनआरची, आणि पैसे जातात पार्क्सला.

टेंट_आणि_तवा:
डीएनआरला लाकूडतोडीचं उत्पन्न आहे, वाइल्डलाइफला शिकार-मासेमारीच्या परवान्यांचं. पार्क्सचं सरकारी अनुदान त्याच काळात छाटलं गेलं, म्हणून तर हा पास आला. त्याआधी २००३ मध्ये पार्किंगचे ५ डॉलर लावून बघितले, २००६ मध्ये बंद केले. २००९ पासून गाडीच्या नोंदणीबरोबर ५ डॉलर देणगी, नको असेल तर नाही म्हणायचं. तेवढ्याने भागलं नाही.

आडवाटेचा_पंथी:
डीएनआर सांभाळतं त्या ट्रस्टच्या जमिनीवरचं लाकूड शाळांच्या इमारतींसाठी आहे हो! पायवाटा दुरुस्त करायला नाही. अर्धवट माहिती देऊ नका.

टेंट_आणि_तवा:
बरं, तो मुद्दा मान्य. पण म्हणून ८४ चे ३३ केले तर डिसेप्शन पास नावाच्या स्टेट पार्कमधली स्वच्छतागृहं कोण धुणार?

मासेमार_पुणेकर:
ज्यांच्याकडे मासेमारीचा परवाना आहे त्यांनी पास घेऊच नये. ठरावीक परवान्यांबरोबर गाडीचा वेगळा पास फुकट मिळतो. फक्त वाइल्डलाइफच्या जागांवर चालतो, पार्क्समध्ये नाही. सॅमन लागतोय का कुणाला?

रानवाटा:
अवांतर: आमच्याकडे कास पठाराला संयुक्त वनव्यवस्थापन समिती शुल्क घेते, गावातली माणसंच कामाला असतात. इथे कुणाच्या खिशात जातं ते निदान दिसतं.

चिंगी:
धागाकर्त्या, चार्टमध्ये दुकानाचे पैसे मिसळू नका. आम्ही तेव्हा दुकानात ३५ मोजले होते, वरचे ५ विक्रेत्याचे आणि व्यवहाराचे. टक्केवारी ३० वर लावायची.

मुक्काम_बेलव्ह्यू:
हे कामाचं. ८४-८-८ काढतोय, खाली ७.१ कोटींची ओळ. आता लेक विचारतेय, रंग कोणते द्यायचे.

बापूकाका:
रेनिअरला हा पास चालत नाही, ते राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे वेगळा घ्यावा लागतो. सांगून ठेवतो.