नमुना भरतीचा की ओहोटीचा?

वर एकांनी लिहिलंय की खाडीच्या पाण्याचे आकडे मर्यादेत आले, म्हणजे मासे मेल्याची ओरड उगाच आहे. आकडे खरे असतीलही हो, पण नमुना घेतला कधी? भरतीला समुद्राचं पाणी आत शिरून सगळं पातळ करतं. ओहोटीच्या शेवटी त्याच जागी बाटली बुडवा, मग बोलू.

विरघळलेल्या ऑक्सिजनची चाचणी तर काठावरच सुरू करावी लागते. विंकलर पद्धतीत बाटलीत मँगेनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड घालतात. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर संपलाय. नुसती बाटली भरून दुपारभर जीपमध्ये ठेवली, तर त्या आकड्याला काय अर्थ?

शिवाय रात्री सोडलेलं सांडपाणी सकाळपर्यंत पुढे गेलेलं असतं. शिंपले मात्र जागचे हलत नाहीत. पाणी गाळत राहतात आणि शिसं, कॅडमियम अंगात साठवतात. म्हणून अमेरिकेत १९८६ पासून किनाऱ्यावर ठिकठिकाणी शिंपल्यांचं मांस तपासतात. आपल्याकडे तिसऱ्या (खाडीतले खायचे शिंपले) बहुधा थेट कढईत!

अहवालात नमुन्याची वेळ दिली असेल तर इथे टाका, त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक मी काढतो.