मेट्रो स्टेशनच्या आसपासचे रस्ते चालण्याजोगे करायचेत, लोकांना यात आणायचं कसं?

रानजाई:
नमस्कार मंडळी, मी पुण्यात कोथरूडला राहते. आमच्या सोसायटीपासून मेट्रो स्टेशन चालत जेमतेम आठ मिनिटं, पण सासूबाईंना घेऊन निघालं की वीस लागतात. फूटपाथ मध्येच विजेच्या डीपीपाशी संपतो, मग रस्त्यावर उतरा, पुढे लावलेल्या टू-व्हीलर चुकवा, परत चढायला जावं तर पायरी एवढी उंच की त्या माझा दंड धरूनच चढतात. आम्ही चार-पाच सोसायट्या मिळून एक आराखडा करून द्यायचा म्हणतोय. गेल्या रविवारी मीटिंग घेतली, व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनशे जण आहेत आणि आले अकरा, सगळे रिटायर्ड, त्यातही दीड तास फक्त पार्किंगवर गेला. कुणी असं काम केलंय का? लोकांना कसं आणलंत?

पायवाट:
ताई, हॉलमध्ये बोलवूच नका, चालायला बोलवा. आम्ही पण आधी दोन मीटिंगा वाया घालवल्या, मग संध्याकाळी साडेसहाला, लोक स्टेशनवरून घरी येतात त्याच वेळेला, स्टेशन ते चौक सगळ्यांनी मिळून चालत गेलो. हातात मेजरिंग टेप आणि खडू. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या नियमात चालायची मोकळी जागा किमान 1.8 मीटर हवी आणि फूटपाथची उंची 150 मिमीच्या वर नको, तर जिथे कमी भरेल तिथे शाळेतल्या पोरांनी खडूने आकडा लिहायचा. एका जागी खांब आणि झाडाच्या आळ्यामधून 62 सेंटीमीटर भरलं, एका काकांनी तिथे व्हीलचेअर घालून बघितली, अडकली, आणि तिथून पुढे कुणालाच काही समजावून सांगावं लागलं नाही.

पार्किंगचा वाद दुकानदारांशी होणारच. आमच्या किराणावाल्या काकांचं म्हणणं की गाड्या बंद केल्या तर धंदा बसेल, म्हणून त्यांच्याच वहीत दोन रकाने पाडले, गाडी लावून आलेले आणि चालत आलेले, आणि रेघा त्यांनीच ओढायच्या. तासाभरात गाडीवाल्यांची पाचाची एक जुडी पण पुरी झाली नाही, दुसऱ्या रकान्याला पान पुरेना. काका एकदम पटले असं नाही म्हणणार, पण पुढच्या वेळी स्वतः चालायला आले.

मोगरा_१२:
मला एक सांगा, तुमच्या दोनशेच्या ग्रुपमध्ये सकाळी मेट्रोने कामाला येणाऱ्या बायका आहेत का? वॉचमन, क्लासची मुलं, स्टेशनबाहेरचे रिक्षावाले, भाजीवाल्या? त्या रस्त्याने जास्त चालतात ते हेच लोक. फूटपाथ मोकळा करायचा म्हटलं की पहिली उचलाउचल हातगाडीवाल्यांची होते, मला हे अजिबात पटत नाही. माझी मुलगी रात्री दहाला उतरते तेव्हा त्या बोळात भुर्जीच्या गाडीचा दिवा असतो म्हणून मी निर्धास्त असते. 2014 च्या फेरीवाला कायद्यात शहर फेरीवाला समितीवर 40 टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचेच असावेत असं आहे, म्हणजे त्यांना विचारायचं हे काही आपले उपकार नाहीत. नकाशावर त्यांची जागा आधी आखा, मग बाकीचं.

नकाशेवाला:
वरचं सगळं बरोबर, फक्त वेळ चुकवू नका. स्टेशनपासून 500 मीटरचा पट्टा टीओडी झोनमध्ये (मेट्रोजवळ जास्त बांधकामाला मुभा असलेल्या भागात) येतो, तिथे एफएसआय 4 पर्यंत, म्हणजे प्लॉटच्या चौपट बांधकाम मिळू शकतं, म्हणून जुन्या सोसायट्या पाडून टॉवर होणार आणि त्याच बोळातून कितीतरी जास्त माणसं चालणार. तेव्हा रीडेव्हलपमेंटचा करार व्हायच्या आधीच दोन सोसायट्यांच्या भिंतीत पायी जायचं फाटक मागून घ्या, एकदा बेसमेंट खोदलं की कुणी ऐकत नाही. विकास आराखड्यात नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली फेरबदल निघाला तर हरकती-सूचनांना महिनाभर मिळतो, त्यात झेरॉक्स केलेल्या शंभर सह्यांपेक्षा तुमची मापं घातलेला एक नकाशा जोडा. महापालिकेचं 2016 चं पादचारी धोरण आहे त्याचा हवाला द्या. आणि छोटी कामं, उतार करणं, दिवा बसवणं वगैरे, नागरिकांच्या सहभागाच्या अंदाजपत्रकात टाका, पुण्यात ते 2006 च्या सुमारापासून चालू आहे, अर्ज कधी घेतात त्यावर मात्र लक्ष ठेवा.

एक दिवस रस्ता गाड्यांना बंद करून बघायचा असेल तर लक्ष्मी रोडवर 11 डिसेंबरला पादचारी दिन करतात तेव्हा जाऊन या, दुकानदारांना पण घेऊन जा.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. मोगरा ताई, तुमचं वाचून खरंच लाज वाटली, आमच्या मावशी त्याच रस्त्याने रोज येतात आणि मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. आज विचारलं तर म्हणाल्या, पावसात त्या डीपीजवळ पाणी साचतं म्हणून त्या पलीकडून, डिव्हायडर ओलांडून येतात. हे अकरा जणांपैकी कुणीच बोललं नव्हतं. शनिवारी सकाळी साडेसहाला चालायचं ठरवलंय, मावशींच्या वेळेला. पुढे मावशी आणि सासूबाई, टेप माझ्याकडे. भिंतीतल्या फाटकाला शेजारची सोसायटी चोरीच्या भीतीने नाही म्हणतेय, त्याचं काय करावं?

पायवाट:
आमच्याकडे पहिले तीन महिने फक्त सकाळी सहा ते रात्री नऊ उघडं ठेवलं, किल्ली त्यांच्याच वॉचमनकडे. शनिवारी मी पण येतो, मोठी टेप आहे माझ्याकडे, 30 मीटरची.