वणव्याच्या वेळी अफवा हटवायला सरकारनं सांगितलं, तर तो दबाव का म्हणायचा?

शैलेश_कु

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या घडामोडी वाचताना एक गोष्ट मला काही केल्या सुटत नाहीये, म्हणून इथे विचारतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये मार्क झकरबर्ग यांनी खासदार जिम जॉर्डन यांना पत्र लिहिलं. २०२१ मध्ये बायडन प्रशासनातल्या वरिष्ठ मंडळींनी कोविडवरचा काही मजकूर, अगदी विनोदसुद्धा, काढून टाकावा म्हणून महिनोन्‌महिने आमच्या लोकांमागे लकडा लावला होता आणि ते चुकीचं होतं, असं त्यात म्हटलंय. पुढे ७ जानेवारी २०२५ ला त्यांच्या मेटानं, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीनं, अमेरिकेत बाहेरच्या संस्थांकडून करून घेतली जाणारी तथ्यपडताळणी बंद करत असल्याचं जाहीर केलं. नेमक्या त्याच दिवशी सकाळी लॉस एंजेलिसमध्ये पॅलिसेड्सची आग लागली आणि संध्याकाळी ईटनची. दोन्हींत मिळून ३१ माणसं गेली. आग धुमसत असतानाच हॉलिवूडची पाटी जळतानाची बनावट चित्रं जगभर फिरली.

कोविडचा वाद बाजूला ठेवू. पण आग दारात आलेली असताना सरकारनं फेसबुकला किंवा एक्सला फोन करून 'हे खोटं आहे, काढा' असं सांगितलं तर बिघडलं कुठे? जिवावर बेतलेलं असताना अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा घोळ घालत बसायचं का? शिवाय सरकारनं कंपन्यांवर दबाव आणून पोस्ट काढायला लावल्या, या तक्रारीवरचा मूर्ती विरुद्ध मिझुरी खटला सरकारच जिंकलं ना? मग हे कायदेशीरच झालं की.

मंजिरी_वा

आधी तुमचा शेवटचा मुद्दा घेते, कारण तिथे बऱ्याच जणांचा गैरसमज आहे.

मूर्ती खटल्याचा निकाल २६ जून २०२४ चा, ६ विरुद्ध ३. त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती बॅरेट यांनी सरकारची वागणूक योग्य ठरवलेली नाही. दावा लावणाऱ्यांना तो लावण्याचा अधिकार आहे हेच शाबीत झालं नाही, एवढंच त्या म्हणतात. तुमची अमुक पोस्ट सरकारच्या सांगण्यावरून उडाली, हा धागा जोडून दाखवता आला नाही; कंपन्या आपल्या नियमांनुसार तसला मजकूर आधीपासूनच काढत होत्या. मूळ प्रश्नाला कोर्टानं हातच घातला नाही.

त्याच्या महिनाभर आधी, ३० मे २०२४ ला, नॅशनल रायफल असोसिएशन (बंदूकधारकांची संघटना) विरुद्ध वुलो हा त्याच कोर्टाचा निकाल आला आणि तो एकमतानं. अधिकाऱ्यानं आपलं मत मांडावं, टीका करावी, समजावून सांगावं, सगळं चालेल. पण हातातल्या अधिकाराचा बडगा दाखवून दुसऱ्याकरवी तिसऱ्याचं तोंड बंद करता येणार नाही.

याचं मूळ १९६३ च्या बँटम बुक्स खटल्यात आहे. ऱ्होड आयलंडमध्ये एक सरकारी आयोग पुस्तकांच्या वितरकांना पत्रं धाडायचा. अमुक पुस्तकं तरुणांच्या हाती पडणं योग्य नाही, आपल्या सहकार्याबद्दल आगाऊ आभार, असा सूर. हुकूम कुठेच नाही. मात्र याद्या पोलिसांकडेही जायच्या, आणि पत्र पोचलं की थोड्या दिवसांत एक पोलीस येऊन 'मग काय केलंत त्या पुस्तकांचं?' म्हणून विचारायचा. वितरकानं निमूटपणे पुस्तकं परत मागवली. कोर्टानं याला सेन्सॉरशिपच ठरवलं. तेव्हा शैलेश, फोनवरची भाषा कितीही गोड असो, फोन करणाऱ्याच्या हातात तुमचं काय अडकलंय ते आधी बघावं.

वृंदा_पासाडेना

कायद्याचं मंजिरीताईंनी सांगितलंच. मी त्या रात्रीबद्दल सांगते, कारण शैलेशच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरली आहे: आगीच्या वेळी खरं काय ते सरकारला माहीत असतं आणि खोटं लोक पसरवतात.

मी लॉस एंजेलिसजवळच्या पासाडेनात राहते, ईटनच्या आगीत जळलेल्या अल्टाडेनाच्या खालच्या अंगाला. आमच्या ओळखीची बरीच वयस्कर मंडळी वर अल्टाडेनात होती आणि त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माहिती टाकायचं काम माझ्याकडे होतं. ७ तारखेच्या संध्याकाळी वारा असा सुटला होता की दार उघडं धरवत नव्हतं. वीज गेलेली, फोन गाडीत चार्ज करतेय, आणि मांडीवर वॉच ड्यूटी हे अॅप. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: हे ना-नफा संस्थेचं अॅप आहे. अग्निशमन दलाचे निवृत्त लोक, डिस्पॅचचं (मदतीचे फोन घेऊन गाड्या पाठवण्याचं) काम केलेले लोक रेडिओवरची बोलणी ऐकत बसतात आणि नकाशावर नोंदी टाकतात. प्रत्येक नोंदीला वेळ असते. तिथे कुणालाही उठून काहीही लिहिता येत नाही.

लेक अॅव्हेन्यू हा अल्टाडेनाच्या मधोमध उभा जाणारा रस्ता. त्याच्या पूर्वेकडच्यांना घरं सोडायचा आदेश संध्याकाळी साडेसातच्या आसपास आला. पश्चिमेकडच्यांना तो आला पहाटे ३ वाजून २५ मिनिटांनी. ईटन आगीतले जवळपास सगळे मृत्यू या पश्चिमेकडच्या भागातले आहेत. हे आता सगळ्यांना माहीत आहे, त्यावर चौकशी अहवालही झाले.

मध्ये गेलेल्या त्या तासांत आमच्या ग्रुपवर काय येत होतं, तर 'ठिणग्या लेकच्या अलीकडे पडताहेत', 'आमच्या मागच्या गल्लीत झाड पेटलंय', 'आदेश नाही पण आम्ही निघालो'. यातलं एकही वाक्य अधिकृत नव्हतं. अधिकृत नकाशानुसार तो भाग आदेशाबाहेर होता. त्या घटकेला कुणी सरकारी यादी घेऊन पडताळणीला बसलं असतं, तर हेच मेसेज 'दुजोरा नसलेली, घबराट पसरवणारी माहिती' म्हणून उडाले असते. काही जणांनी तेच वाचून सामान गाडीत टाकलं. मी हे कुणावर राग म्हणून लिहीत नाही. अशा वाऱ्यात, अंधारात, विमानं उडू शकत नसताना कुठल्याही यंत्रणेला सगळं दिसत नाही. पण दिसत नाही हेच तर माझं म्हणणं आहे.

उलट बाजूही बघा. ९ जानेवारीला दुपारी आख्ख्या लॉस एंजेलिस काउंटीतल्या, म्हणजे जवळपास १ कोटी लोकांच्या वस्तीतल्या फोनवर घर सोडायच्या तयारीत राहा असा इशारा किंचाळला. तो एका छोट्या भागापुरता होता, चुकून सगळीकडे गेला. ही सरकारी वाहिनीवरून आलेली चूक. ती चूक आहे हे लोकांना मिनिटांत कळलं, ते एकमेकांना विचारून आणि बातम्या बघून.

पाण्याचंच घ्या. पॅलिसेड्समध्ये हायड्रंट, म्हणजे आग विझवायचे रस्त्यावरचे नळ, कोरडे पडले. सोशल मीडियावर लगेच सुरू झालं की एका छोट्या माशाला वाचवायला उत्तरेतून पाणी सोडलं नाही म्हणून हे झालं. हे खोटं होतं. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या मोठ्या जलाशयांत भरपूर पाणी होतं. डोंगरावरच्या टाक्या एवढ्या मागणीला पुऱ्या पडल्या नाहीत, कारण शहराची पाणीव्यवस्था एखाद-दुसऱ्या घराची आग विझवण्याच्या हिशेबाची असते, वणव्याच्या नाही. पण त्याच गदारोळात 'तिथला जलाशय रिकामाच होता' असंही लोक म्हणत होते, आणि ते मात्र खरं निघालं. सँटा इनेझ जलाशय आच्छादनाच्या दुरुस्तीसाठी बंद होता. ११.७ कोटी गॅलन क्षमतेचा! 'पाण्याबद्दलच्या अफवा काढा' असा एक फोन गेला असता तर खोट्याबरोबर हे खरंही गेलं असतं. आणि सरकारला अडचणीचं असतं ते नेमकं हेच.

अनंत_गो

वृंदाताई, पटतंय, पण मग सरकारनं गप्प बसायचं? ऑगस्ट २०२३ मध्ये हवाईतल्या लहायनाला आग लागली, शंभरावर माणसं गेली. त्यानंतर काय पसरलं? लेझर शस्त्रानं आग लावली, हे सोडून द्या. पण 'फीमाची (केंद्राच्या आपत्ती मदत संस्थेची) मदत घेतलीत तर तुमची जमीन सरकारजमा होईल' हे पसरलं. ज्यांचं घर राख झालंय त्यांनी त्या भीतीनं अर्जच केला नाही तर? हे नुसतं मत नाही, यात माणसाचं प्रत्यक्ष नुकसान आहे.

वृंदा_पासाडेना

अनंत, गप्प कशाला बसायचं? बोलायचं, आणि मोठ्यानं बोलायचं. फीमानं तेच केलं, अफवांना उत्तर देणारं पान काढलं आणि मदत घेतल्यानं जमीन जात नाही असं स्पष्ट लिहिलं. आमच्याकडे गव्हर्नर न्यूसम यांच्या कार्यालयानंही आगीच्या दिवसांत अशीच वेबसाइट काढली. त्यांचं म्हणणं तुम्हाला पटो न पटो, ते तुमच्यासमोर होतं, खोडून काढता येत होतं. बंद दाराआडून गेलेला फोन खोडून काढता येत नाही, कारण तो झालाय हेच कळत नाही.

आणि अफवेला जोर कशानं येतो तेही बघायला हवं. लहायनात त्या दिवशी सायरन वाजलेच नाहीत. ज्याला सायरन ऐकू आला नाही तो पुढे सरकारच्या फॉर्मवर सही करताना दहादा विचार करणारच. तिथे पोस्ट काढून विश्वास परत येत नाही.

मंजिरी_वा

यात एका पक्षाचा प्रश्न नाही, हेही नोंदवते. ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ ला, पहिल्याच दिवशी, 'सरकारी सेन्सॉरशिप बंद' असा आदेश काढला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तेव्हाच्या अॅटर्नी जनरल पॅम बाँडी यांच्या न्याय खात्यानं मागणी केली आणि अॅपलनं आइसब्लॉक हे अॅप स्टोअरवरून काढलं. इमिग्रेशन अधिकारी कुठे दिसले हे लोक त्यावर कळवत असत. अधिकाऱ्यांना धोका होतो हे कारण दिलं गेलं. कारण खरं असेलही, पण अॅप काढण्याआधी ते कोर्टापुढे मांडावं लागलं नाही. २०२१ मध्ये ज्यांना संताप आला होता त्यांनी इथेही तोच प्रश्न विचारायला हवा.

शैलेश_कु

मूर्तीबद्दल माझी समजूत उलटीच होती, आभार. लेक अॅव्हेन्यूचं वाचून तर सुन्न झालो. एकच राहिलं: आगीनंतर खोट्या देणग्यांच्या लिंक फिरतात, त्यांचं काय? तिथेही सरकारनं कंपनीला सांगायचं नाही?

वृंदा_पासाडेना

ती सरळ फसवणूक आहे, गुन्हा आहे. तिथे कायद्यानं सांगावं, लेखी सांगावं, आणि कुणाची लिंक का काढली हे नंतर प्रसिद्ध करावं. माझी हरकत सांगण्याला नाही, लपवून सांगण्याला आहे.

ग्रुपवर आम्ही आता एवढंच पाळतो: कुठल्या रस्त्यावर, किती वाजता, आणि स्वतः पाहिलं की ऐकलं. हे तीन नसतील तर मेसेज पुढे जात नाही. ज्याला हवं त्यानं आपल्या ग्रुपला लावून बघावं.