दारावरचा कॅमेरा आणि आपला ठराव

बी-403 : सचिव साहेब, नमस्कार. समोरच्या 404 च्या दारावर गेल्या आठवड्यात बसवलेल्या कॅमेऱ्याबद्दल आपल्याशी तोंडी बोलले होते, आता लेखी कळवते. आमची दारे समोरासमोर आहेत आणि मधला पॅसेज जेमतेम सहा फुटांचा आहे. वारा यावा म्हणून आम्ही संध्याकाळी लाकडी दार उघडे ठेवून फक्त सेफ्टी डोअर लावतो, तेव्हा जाळीतून आमचा हॉल थेट स्वयंपाकघरापर्यंत दिसतो. हा कॅमेरा आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या कोणत्या नियमात बसतो, ते कृपया सांगावे.

बी-404 : काकू, तुम्हाला त्रास देण्याचा हेतू अजिबात नव्हता. आम्ही दोघेही नोकरीला जातो आणि आई दिवसभर एकटी असते. गॅसची पाइपलाइन तपासायला आलो असे सांगून मागच्या महिन्यात एक अनोळखी माणूस दारात उभा राहिला, म्हणून कॅमेरा घेतला. तो आमच्या दाराच्या चौकटीवर आहे, पॅसेजच्या भिंतीवर नाही, त्यामुळे परवानगी लागणार नाही असे मी समजलो.

सचिव : इतिवृत्तातील ठराव असा आहे : सामायिक भिंती, जिना, पॅसेज व गच्ची येथे समितीच्या लेखी परवानगीशिवाय कोणतेही उपकरण, वायर किंवा कपाट बसवू नये. हा ठराव झाला तेव्हा सभेपुढे चपलांची कपाटे आणि डिश अँटेना होते. समितीतही आज दोन मते आहेत.

ए-201 : मी गृहनिर्माण संस्थांचे कामकाज बरीच वर्षे पाहिले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. हा ठराव वस्तू कुठे बसवली एवढेच पाहतो, आणि तेवढ्यापुरते 404 चे म्हणणे चुकीचे नाही. परंतु काकूंची तक्रार कॅमेरा कुठे बसवला याबद्दल नसून तो काय पाहतो याबद्दल आहे, आणि त्याविषयी ठराव गप्प आहे. ठराव गप्प आहे म्हणून समितीने त्यात नसलेली मनाई वाचू नये, तसेच सभासदानेही त्यात परवानगी वाचू नये.

कायद्याचे म्हणाल तर, 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. मात्र 2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही, त्यामुळे त्याचा आधार घेऊन हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66ई संमतीशिवाय एखाद्याच्या खासगी अवयवांचे चित्रण करण्यासारख्या गंभीर प्रकारांसाठी आहे. शेजारधर्मात पोलिसांची भाषा कोणीही आणू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. 2025 मध्ये मात्र कलकत्ता उच्च न्यायालयाने एकाच घरात राहणाऱ्यांपैकी एकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे लावण्यास मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. आपले प्रकरण वेगळे आहे, तरी सुरक्षेची गरज खरी असली म्हणून दुसऱ्याच्या राहत्या जागेवर नजर ठेवता येते असे नव्हे, एवढा बोध त्यातून घ्यावा.

आता प्रत्यक्ष कॅमेऱ्याविषयी. अशा कॅमेऱ्यांत बहुधा 2.8 मिलिमीटरची लेन्स असते आणि ती साधारण शंभर अंशांचा भाग टिपते, त्यामुळे कॅमेरा थोडा वळवून समोरचे दार चित्राबाहेर जात नाही. तोंड खाली उंबरठ्याकडे करावे आणि तरीही 403 चे दार दिसत असेल, तर सेटिंगमधील प्रायव्हसी मास्कने तेवढा भाग काळा करावा. माइक बंद ठेवावा; चित्रावरून वाद होतात, पण दारातले बोलणेही नोंदले जाते हे कोणाच्या लक्षातच येत नाही. या तीन अटींवर समितीने लेखी परवानगी द्यावी.

आणि हीच शिस्त संस्थेच्या गेटवरील कॅमेऱ्यांनाही लावावी. त्यांचे चित्रण कोण पाहू शकतो आणि ते किती दिवस राहते, हे आजपर्यंत कुठेही लिहिलेले नाही, ही मला जास्त मोठी उणीव वाटते. उपविधी, म्हणजे संस्थेची नोंदणीकृत नियमावली, बदलायचे तर दोन तृतीयांश बहुमत आणि सहकारी संस्थांच्या निबंधकांची मंजुरी लागेल. येथे त्याची गरज नाही. पाच पूर्ण दिवसांच्या नोटिशीने विशेष सर्वसाधारण सभा बोलावून ठरावात एक वाक्य वाढवले तरी पुरे.

बी-404 : काका, आताच कॅमेरा खाली वळवला, मास्क लावला आणि माइक बंद केला. काकू, सातनंतर घरी या आणि मोबाइलवर स्वतः पाहा.

बी-403 : पाहून आले. तुमचा उंबरठा आणि पायपुसणे एवढेच दिसते, आमच्या दाराच्या जागी काळा चौकोन आहे. लेखी परवानगीत तिन्ही अटी आल्या की माझी तक्रार मागे घेते. आईंना सांगा, दुपारी कोणी अनोळखी आले तर मला हाक मारा, मी घरीच असते.

सचिव : परवानगीपत्र उद्या देतो. सभेची नोटीस सोमवारी फलकावर लागेल आणि गेटच्या कॅमेऱ्यांचा विषय तिच्यात पहिला असेल.